घरचा वाफा

हस्ताचा पाऊस सरला की आमच्या आजीचा हात कुदळीकडं जायचा. माणदेशात पाणी बेताचं, त्यामुळं परसात दोनच वाफे. जमिनीला वाफसा आला की ती ढेकळं फोडायची, कुजलेलं शेणखत मिसळायची आणि मेथी टाकायची. धने मात्र रगडून, दोन डाळी करूनच पेरायचे. थंडी पडेपर्यंत भाजी खुडायला यायची. पहिली जुडी शेजारी, मग आमच्या ताटात.

एका दसऱ्यानंतर ती नाहूरला काकाकडं आली. नाहूरचं स्टेशन २००३ सालचं. तेव्हा भांडुपला उतरून पायी यावं लागे. काका रेल्वेत गँगमन. रुळांलगतची मोकळी जागा कर्मचाऱ्यांना भाजी लावायला भाड्यानं मिळायची. दुसऱ्या महायुद्धातल्या धान्यटंचाईत निघालेल्या ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेचं नाव त्या योजनेला चिकटलेलं होतं. लोकल धडधडत जात होत्या आणि काका पालक, मुळा, लाल माठाचे वाफे बांधत होता. लेकानं मुंबईतही माती सोडली नाही, म्हणून आजी हरखली.

मग पाणी सोडलं. पाइप नाल्यात होता. खोलीच्या दारातल्या एका वाफ्याला मात्र काका बादलीनं नळाचं पाणी घालत होता.

“ह्यो कुणाचा रं?”

“घरचा, आई.”

“आन ते?”

“ते बाजारचं.”

आजी काही बोलली नाही. रात्री भाकरीबरोबर पालक वाढला, तो घरच्या वाफ्यातला. तिनं तो बाजूला सारला.

काका वाईट नव्हता. पगारात भागत नव्हतं, दुसरं पाणी नव्हतं. पण नाल्यातलं शिसं, कॅडमियम पानात उतरतं, ते धुऊन जात नाही, हे शास्त्र त्याला ठाऊक नसलं, तरी मनाला कळलं होतं. न कळता केलं असतं, तर सगळ्या वाफ्यांना एकच पाणी गेलं असतं. वेगळा वाफा हीच त्याची कबुली होती.

मी बरीच वर्षं ही गोष्ट काकाची म्हणून सांगत आलो. आता गावाकडं माझी वांगी असतात. बाजारच्या सऱ्यांवर आठवड्याला फवारणी होते. बांधाकडची चार झाडं मी बिनफवारणीची ठेवतो. किडकी निघाली तरी घरात तीच खातो. व्यापारी डागी वांगं घेत नाही, हे माझं कारण. काकाचंही कारण खरंच होतं.

यंदा वाफे करताना नातीनं विचारलं, “आजोबा, ही चार झाडं कुणाची?”

माझ्या हातातली कुदळ थांबली.