त्याला बेट करू दे

निगडी

चि. संकेत यास,


गुरुवारच्या सुट्टीला जोडून रजा काढतोस आणि चाकणहून थेट पणजी गाठून मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर रात्रभर पोकर खेळतोस, हे मला सांगितलंस ते बरं केलंस. खेळू नकोस असं मी लिहिणार नाही. तू हिशेबी आहेस आणि हा खेळ हिशेबी माणसाचा आहे. पण ज्या डावाबद्दल तू फोनवर इतका वेळ बोललास, तो मी कागदावर मांडून पाहिला. त्याबद्दलच लिहितो.

शंभर-दोनशेचं टेबल. समोरचा जवळजवळ प्रत्येक डावात रेझ करणारा. त्याने 800 केले. तुझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि किलवरचा राजा, तरी तू बटणावरून नुसता कॉल केलास. फ्लॉपला चौकटचा राजा आणि बदामची अठ्ठी-दुर्री. त्याने 1500 लावले, टर्नला 4000, रिव्हरला 9000. आधीचे दोन्ही कॉल केलेस आणि शेवटी पत्ते टाकलेस. त्याने बदामची नव्वी-सत्ती उघडी करून दाखवली. फ्लश लागलाच नव्हता.

आता तू विचारतोस, अशा माणसाला अंगावर कसं घ्यायचं. अंगावर घ्यायचंच नाही. फ्लॉपला तू रेझ केलं असतंस तर त्याने रिकामे पत्ते फेकले असते आणि बहुधा तुझ्याहून चांगले पत्ते असतील तेव्हाच तो टिकला असता. त्याचे पैसे त्याच्या खोट्या बेटांमधून येणार आहेत, त्या त्याला करू द्यायला हव्यात. टॉप पेअर असेल तर चेक कर, कॉल कर, त्याचा हात थांबवू नकोस. त्याच्यावर ब्लफ तर मुळीच नको; जो स्वतःच बेट करून पैसे देतोय, त्याला घाबरवून काय मिळणार?

जोर लावायचाच असेल तर फ्लॉपच्या आधी लाव. तो कशावरही 800 करतो, तेव्हा एक्का-राजा, एक्का-राणी, दहाच्या वरच्या जोड्या यांवर अडीच हजारांच्या आसपास परत रेझ कर. बाकीचे लोक बाजूला होतात आणि तू चांगल्या पत्त्यांवर एकट्या त्याच्यासमोर उरतोस. उलट, रंग जुळलेले छोटे लागोपाठचे पत्ते, जे तुला फार आवडतात, ते त्याच्यासमोर सोडून दे. फ्लॉपला चार बदाम हातात आले, तरी रिव्हरपर्यंत पाचवा येण्याची शक्यता साधारण 35 टक्के असते, आणि तो तुला वाटेत दोनदा महाग किंमत मोजायला लावतो.

जागाही बघ. डाव घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, म्हणून त्याच्या डाव्या हाताला बसलास की बहुतेक डावांत तो आधी बोलेल आणि तू नंतर. खुर्ची रिकामी झाली की फ्लोअरवरच्या माणसाला सांगून ती माग. यात लाजण्यासारखं काही नाही.

रिव्हरचा हिशेब मात्र नीट समजून घे. पॉटमध्ये 12,900 होते, त्याच्या 9000 सकट 21,900 झाले. असा कॉल दहा वेळा केलास आणि सात वेळा हरलास, तर 63,000 जातील. तीन वेळा जिंकलास तर 65,700 येतील. म्हणजे कॅसिनोचा रेक सोडला, तर दहांतून तीनदा बरोबर ठरलास तरी पुरे. तिन्ही फेऱ्यांत बेट करणाऱ्या माणसासमोर एक्का जोडीला असलेला राजा इतका तरी टिकतोच. एक अपवाद लक्षात ठेव: रिव्हरला तू बेट केलीस आणि त्याने उलट मोठं रेझ केलं, तर ते बहुधा खरं असतं. तिथे एका जोडीवर हट्ट धरू नकोस.

तू त्याला येडा म्हणालास. तो येडा आहे हे तू कशावरून ठरवलंस? कारखान्यात लाइनवर दोन पार्ट रिजेक्ट निघाले म्हणून तू मशीनची सेटिंग बदलतोस का? बोटीवर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, आणि शेवटी पत्ते दिसतात ते त्यातल्या थोड्यांतच. जे दिसतील ते लक्षात ठेव. तो टर्नला कधी थांबतो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. थांबत असेल तर तो विचार करणारा आहे, आणि मग वर लिहिलेलं सगळं जपून वापर. फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी 1944च्या ग्रंथात पोकरचं गणित मांडलं, त्यातही ब्लफ हा डावाचा रीतसर भाग आहे. जो कधीच ब्लफ करत नाही, त्याच्या चांगल्या पत्त्यांना कोणी पैसे देत नाही.

आणि आता जे मला खरं लिहायचं होतं. तुला हिशेब येत नव्हता असं नाही. 9000 म्हणजे तुझ्या खोलीचं भाडं, म्हणून हात उचलला गेला नाही. त्याने तुझे पत्ते वाचले नाहीत, तुझी भीती वाचली. ज्या टेबलावरचा बरोबर कॉल तुला झेपत नाही, तिथे कुठलीही युक्ती चालणार नाही. माझ्या मते निदान वीस बाय-इन घरखर्चापासून वेगळे असावेत. वीस हजारांच्या बाय-इनला चार लाख. नसतील तर खालच्या टेबलावर बस. बोनसचे पैसे यात धरू नकोस, त्यातून ताईच्या दवाखान्याचं बघायचं आहे. आणि जिंकलेल्या पैशांवर 30 टक्के कर असतो, हरलेले त्यातून वजा होत नाहीत.

गोव्याच्या जुगार कायद्यात 1996 साली दुरुस्ती झाली, म्हणून बोटीवर हे डाव परवान्याने चालतात. आपल्याकडे महाराष्ट्रात 1887चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि अड्ड्यावर नुसता सापडलेला माणूसही त्यात अडकतो. मोबाइलवरचा पैशांचा पोकर 2025च्या केंद्रीय कायद्याने बंद झालाय, म्हणून मोशी-वाकडच्या एखाद्या फ्लॅटवर तुला कोणी बोलावेल. तिथे डाव उधारीवर चालतो. ज्याला खिशातून काढायचंच नाही तो कितीही रेझ करेल, आणि त्याच्यापुढे यातला एकही सल्ला उपयोगाचा नाही. असं बोलावणं आलं तर सरळ नाही म्हण आणि मला फोन कर, कितीही रात्र झाली असली तरी.

तुझा,
मामा