शिलोहाचा बुरूज आणि खाणीचे छत

शास्त्रपाठ : लूक १३:४-५, अनुवाद २२:८



शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. अशा वेळी लोकांच्या मनात जो प्रश्न येतो, तोच आजही मयताच्या घरी कानी पडतो : यांनी असे कोणते पाप केले होते? प्रभूने स्पष्ट सांगितले की, ते इतरांहून अधिक पापी नव्हते. मग ऐकणाऱ्यांकडे वळून त्याने त्यांनाच पश्चात्ताप करावयास सांगितले. कोळशाच्या खाणीत छत कोसळून माणसे मरतात, तेव्हा हे दोन्ही बोल आपण ध्यानात धरावेत.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना जागोजाग कोळशाचेच खांब राखून ठेवतात. वरच्या डोंगराएवढ्या खडकाचा भार त्यांवर असतो. माळवदाच्या घरात राहणाऱ्यांस खांबाचे मोल सांगावयास नको. खालचा कोळसा निघून गेला म्हणजे वरील खडकाचे थर वाकतात व एकमेकांपासून सुटू लागतात. यासाठी खाणकामगार सळईने छत ठोकून पाहतो. खणखणीत नाद आला तर खडक घट्ट आहे. पोकळ आवाज आला तर थर सुटला आहे. टेकू दिल्यावाचून, किंवा लोखंडी बोल्टांनी थर जखडल्यावाचून, अशा छताखाली कोणी पाऊल टाकू नये.

दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुक येथील खाणीचा एक भाग २८ डिसेंबर १९५९ रोजी ढासळला. हा इशारा होता. तरी काम चालूच राहिले. पुढे २१ जानेवारी १९६० रोजी शेकडो खांब चिरडले गेले आणि ४३५ माणसे आत गाडली गेली. बासुटोलँड, म्हणजे आजचे लेसोथो, व मोझांबिक येथून पोटासाठी आलेले पुष्कळ मजूर त्यांत होते. वरून भोके पाडून शोध केला, पण कोणी जिवंत सापडले नाही. प्रेतेही वर आली नाहीत. छताचा कोळसा काढून घेतल्याने ते खांब उंच व दुबळे झाले होते. तेथे मेलेल्यांचे पाप शोधणे व्यर्थ आहे. खांबांस काय केले, हेच विचारले पाहिजे.

नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, नाहीतर पडून मरणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. म्हणजे जो बांधतो, खणवितो, कामास लावतो, त्याच्याकडे देव हिशेब मागतो. कोलब्रुकनंतर विद्वानांनी टिकलेल्या व कोसळलेल्या खांबांची मापे तपासली आणि खांब किती जाड असावा हे ठरविण्याची रीत १९६७ साली प्रसिद्ध केली. अमेरिकेत एके काळी छत कोसळून दरवर्षी पुष्कळ कोळसा-कामगार मरत. २०१६ साली प्रथमच असा एकही मृत्यू झाला नाही. जे मरण काळजीने टळते, त्यास केवळ नशीब म्हणणे हे देवावर खोटा आळ घेणे होय.

आपल्या चंद्रपूर व नागपूर जिल्ह्यांतही कोळशाच्या खाणी आहेत. आणि जेथे खाण नाही, तेथे विहिरी व मुरमाच्या खाणी आहेतच. दरड सुटते आहे हे दिसत असता चार पैशांसाठी मजुरास खाली उतरविणारा शास्त्रातील त्या घरधन्याहून निराळा नाही. धोका पाहूनही गप्प बसणारा सोबतीही निर्दोष नाही.

उपदेशक बंधूंनो, अशा विधवेच्या दारी गेलात तर ‘देवाची इच्छा’ हा शब्द घाईने उच्चारू नका. तिच्याबरोबर बसा, रडा. तिच्या लेकरांच्या जेवणाची चौकशी करा, नुकसानभरपाईचा अर्ज लिहून द्या. नंतर मंडळीस विचारा : आपल्या हाताखालील कोणाचे छत आपण आज ठोकून पाहिले आहे काय?

पश्चात्ताप तो हाच, की पोकळ आवाज ऐकताच माणसाने थांबावे, मागे फिरावे आणि भावाच्या डोक्यावरील छतास टेकू द्यावा. प्रभू आपणां सर्वांस असे कान देवो. आमेन.