भिंतीवर बसलेली पोरं

१४ फेब्रुवारी २०१४ ला ‘फँड्री’ हा सिनेमा प्रदर्शित झाला आणि मी तो बारामतीत पाहिला. पडद्यावर जब्या या पोराचं कुटुंब डुकरामागं धावत होतं, बघायला जमलेलं गाव हसत होतं, आणि थिएटरातही हशा पिकत होता. मीही हसलो. मग शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, सगळं कुटुंब जागच्या जागी थिजतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. तिथून पुढं हसू विरळ होत गेलं. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट आमच्या तोंडावर आला आणि पडदा काळा झाला. दिवे लागल्यावरही मला उठवेना.

इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्यालगत माझं गाव. जत्रेच्या आधी कैकाडी कुटुंबांना गावातली डुकरं धरायला लावायचे. एका वर्षी आम्ही पोरं शाळेच्या भिंतीवर बसून ते बघत होतो. खाली दोर धरून उभा असलेला मुलगा आमच्याच वर्गातला होता. मी भिंतीवरून त्याला नावानं मोठ्यानं हाक मारली. शिवी नाही, टिंगल नाही, नुसती हाक. त्यानं वर पाहिलं आणि मान खाली घातली. पोरं खिदळली. नंतरही तो शाळेत येत राहिला, सातवीनंतर आला नाही. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर, हे मला तो सिनेमा आला तेव्हा कळलं. इतकी वर्षं एका वर्गात बसून त्याच्या घरच्या भाषेतला एक शब्दही मला माहीत नव्हता.

‘फँड्री’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे. तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. पण आमच्याकडून ते पाण्याच्या पल्याड. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, भीमा फुगली आणि दोन्ही काठांवरची गावं उठून वर सरकली. आमच्या कळाशीहून पल्याडच्या कुगावला माणसं वर्षानुवर्षं होडीनं जात आली. दोन्हीकडं ऊस तोच, बोली तीच आणि भिंतीवर कोण बसणार, खाली कोण उभं राहणार, हेही तेच. म्हणून त्यांचा सिनेमा बघताना मला पुण्यामुंबईच्या प्रेक्षकासारखं ‘ग्रामीण वास्तव’ वगैरे म्हणून सुटता येत नाही.

अहमदनगरला संज्ञापन शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि पहिल्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा त्यांनी निवडलेले चेहरे महत्त्वाचे वाटतात. जब्या झालेला सोमनाथ अवघडे त्यांना हलगी वाजवताना दिसला. ‘सैराट’ची आर्ची अकलूजची शाळकरी मुलगी, रिंकू राजगुरू. ब्रिटनमध्ये दिग्दर्शक केन लोच यांनी १९६९ च्या ‘केस’ या सिनेमासाठी बार्न्स्लीतलाच शाळकरी मुलगा, डेव्हिड ब्रॅडली, घेतला आणि त्याला त्याच्या बोलीत बोलू दिलं. तिथं पोरगा ससाण्याच्या जातीचा पक्षी पाळतो, इथं जब्या काळ्या चिमणीमागं फिरतो. लोच यांची तर सुरुवातच नटाची.

मंजुळ्यांमधल्या नटाबद्दल फार कमी बोललं जातं. ‘नाळ’मध्ये ते चैत्याचे वडील आहेत, ‘घर बंदूक बिरयाणी’त पोलीस अधिकारी. आवाज न चढवता, जवळपास काही न करता ते उभे राहतात. पण ‘फँड्री’त त्यांनी स्वतःकडं घेतलेली भूमिका मला सर्वांत बोलकी वाटते. चंक्या, सायकलच्या दुकानातला. काळ्या चिमणीची राख टाकली की मुलगी आपली होते, हे जब्याच्या मनात तोच भरवतो. पोराच्या हाती खोटी आशा देणारा माणूस दिग्दर्शकानं स्वतः व्हावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या पोराला द्यायला गावात दुसऱ्या कुणाकडं काहीच नव्हतं. खोटी का होईना, आशा देणारा तो एकटाच. आणि ती खोटी ठरल्याचा भारही दिग्दर्शकानं दुसऱ्या नटावर टाकला नाही.

‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये आला. आमच्याकडं पोरं पडद्यासमोर नाचली आणि शेवटी रक्ताच्या पावलांनी चालत जाणारं लेकरू पाहून मुकाट बाहेर पडली. त्याच उन्हाळ्यात इंदापूरच्या एसटी स्टँडवर तो वर्गमित्र भेटला. अंगानं भरला होता, सोबत मुलगी होती. ‘सैराट’ त्यानं चार वेळा पाहिला होता. आर्चीचा ट्रॅक्टर, बुलेट, सगळं उत्साहानं सांगत होता. मी विचारलं, “आणि फँड्री?”

“न्हाय बघितला,” तो म्हणाला. “टीव्हीवर लागला की चॅनेल बदलतो. मला काय बघायचंय त्यात? तुमी बगा.”

बारामतीची गाडी लागली. त्यानं मुलीला आधी वर चढवलं, खिडकीतून हात केला. ती हाक त्याला आठवते का, हे मला विचारायचं होतं.