कंकणांचा बोध

अवधूतांच्या चोवीस गुरूंत एक कुमारिका आहे. साळी कांडताना कंकणं वाजू लागली, तेव्हा तिने हातात एकेकच ठेवलं. अवधूतांनी जाणलं, चार जण एकत्र आले की कलह होतोच, एकटं राहावं. ते विरक्त. आपण प्रपंचातली माणसं. कुणाकुणाला उतरवून ठेवणार?

मला याचं उत्तर केनियातल्या वजीरच्या बायांकडे दिसतं. १९९२-९३ साली तिथे दुष्काळ, त्यात सोमाली कुळांचं वैर. माणसं मारली जात होती. बाजारातसुद्धा परक्या कुळाच्या बाईला खरेदी-विक्री करू देईनात. डेखा इब्राहिम अब्दी आणि तिच्या सोबतिणींनी आधी बाजार सांभाळला. कुठल्याही कुळातली बाई येवो, तिचा सौदा झालाच पाहिजे, म्हणून लक्ष ठेवायला बायाच नेमल्या. मग कुळांतले वडीलधारे बोलणीला बसले, १९९३ साली समझोता झाला. पुढेही कुठे ठिणगी पडली की मंडळी लगेच धावून जात.

कंकण एकही उतरवलं नाही; प्रत्येकाला जागा दिली, म्हणून खणखणाट ओसरला.

ज्याच्याशी आपलं बोलणं तुटलंय, त्याला यंदा दत्तजयंतीच्या प्रसादाचं बोलावणं आधी द्या. भडका उडाल्यावर धावण्यापेक्षा हे सोपं आहे.

श्रीगुरुदेव दत्त!