मुक्याचे दुखणे

म्हातारा कुत्रा दुखले म्हणून कण्हेलच असे नाही. तो जिना टाळतो, उठताना अडखळतो, आणि आम्ही म्हणतो, वय झाले! बहुधा सांधे दुखत असतात. मग कोणी कनवाळूपणे आपल्याच डबीतली आयबुप्रोफेनची गोळी पावात घालून देतो. तिने त्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ही दया त्याच्यासाठी, की आम्हांला बघवत नाही म्हणून? उलट, मूत्रपिंडांच्या भीतीने काहीच न देणे हेही आम्हांला निर्दोष वाटत नाही. त्या सावधगिरीची किंमत तोच मोजतो. पशुवैद्य रक्त तपासून कुत्र्यांसाठीचे औषध देतात. त्यातही थोडा धोका असतोच, पण तो आम्ही पत्करू. कुत्र्याला पुढचे वर्ष ठाऊक नसते, आजचे उठणे ठाऊक असते. मात्र उलटी किंवा काळी शी दिसताच औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे.