अर्थार्थी

"माफीसाठी शिकतात ते, विद्येसाठी थोडंच!" नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात मी मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवते, हे कळलं की हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. आणि ते खोटं नाही. महाराष्ट्रात शिक्षा भोगणारा बंदी ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झाला, तर त्याला 90 दिवसांची विशेष माफी मिळू शकते. जन्मठेपेच्या माणसाला 90 दिवस म्हणजे काय, हे बाहेर बसून कळायचं नाही. पहिल्या तासाला बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, पास व्हायला किती लिहावं लागतं?"

मग हे शिकणं हलकं ठरतं का? फळावर डोळा ठेवून केलेलं कर्म आपण कमी प्रतीचं मानतो आणि गीतेचा हवाला देतो. त्याच गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी श्रेष्ठ खरा. पण काहीतरी पदरात पडावं म्हणून आलेल्या अर्थार्थ्यालाही श्रीकृष्ण उदारच म्हणतो. हा अध्याय मी 'गीता प्रवचने'मधून शिकले. विनोबांनी ती प्रवचनं 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी दिली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतली. तिथले श्रोते बहुतेक सत्याग्रही होते. माझ्यासमोरच्या माणसांवर खून, दरोडे शाबीत झालेत. हा फरक मला पुसायचा नाही.

बांधाच्या भांडणात चुलतभावाचा जीव घेतलेला एक शेतकरी माझ्या वर्गात होता. माफीसाठीच आला होता, तसं सांगतही असे. 'माझं गाव' या विषयावर त्याने विहीर, जत्रा, बैलं असं सगळं लिहिलं. बांध मात्र टाळला. मी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी स्वाध्यायाच्या वहीत, विषय भलताच असताना, त्याने भावजयीबद्दल लिहिलं. ती आता एकटी खुरपते, पोरगं शाळा सोडून म्हशींमागे जातं, आणि हे आपल्यामुळे झालं. परीक्षेला यातलं काही लागत नव्हतं, गुण मिळणार नव्हते. त्या पानाने गेलेला माणूस परत येत नाही, आणि त्या बाईने क्षमा करावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण खटल्यात त्याची बाजू वकिलाने मांडली होती. तिची बाजू त्याने स्वतः मांडली, आणि ती मांडण्याइतकं लिहायला तो माफीच्या लोभाने शिकला होता.

माफीचा हिशेब ज्यांना लागूच नाही, असेही बंदी आहेत. 2022च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चौघांपैकी तिघे न्यायाधीन होते. शिक्षाच झालेली नाही, तर माफी कशातून देणार? तरीही त्यांच्यातला एक मुलगा वर्गाला येतो. बॅरकमधला दिवा रात्रभर जळतो, त्याखाली वाचतो. का शिकतोस, असं विचारलं तर म्हणाला, "तारखेला नेतात, परत आणतात. केस हलत नाही मॅडम. पुस्तक तरी पुढं सरकतं."

निष्काम कर्म म्हणून मी त्याला शेतकऱ्याच्या वर बसवणार नाही. उद्या शिक्षा झाली तर तोही माफी मोजेल, आणि मोजावीच. शिकायला बसण्याआधी हेतू स्वच्छ करून या, अशी अट आपण आपल्या मुलांनाही घालत नाही. त्यांना नोकरीसाठीच शिकवतो.

त्या मुलाची पुढची तारीख नेमकी इतिहासाच्या पेपरच्या दिवशी आहे. कोर्टात नेलं तर पेपर बुडेल आणि पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागेल. त्या दिवशीची हजेरी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यावी, असा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिलाय. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. सोमवारी तो त्याच्या वकिलाकडे पोहोचवायचा आहे.