सळई

कारंजा तालुक्यातल्या धनज बुद्रुकात एक शेतकरी होता. चार एकरांत सोयाबीन आणि तूर घ्यायचा. गावाबाहेर बरडाचा एक तुकडा होता. त्यात पीक येत नसे, पण पवन्या, मारवेल आणि शेडा चांगला वाढे. त्याच गवतावर घरचे दोन बैल आणि गाय उन्हाळा काढत.

त्या दिवाळीआधी तो सोयाबीन घेऊन खरेदी केंद्रावर गेला. तिथल्या माणसानं मूठभर दाणे यंत्रात टाकले. आकडा आला १५. हमीभावाला १२ टक्क्यांपर्यंतचीच ओल चालत होती. तो मुकाट्यानं पोती घेऊन परत आला. अंगणात ताडपत्री अंथरली, चार दिवस दाणे उन्हात घातले, दिवसातून चार-चारदा उलटवले. दुसऱ्या खेपेला आकडा १२च्या आत आला आणि माल गेला.

मग बरडावरचं गवत कापलं. तिसऱ्या दिवशी सकाळीच गठ्ठे बांधायचं मशीन गावात आलं. शेतकऱ्यानं गवतावर हात फिरवला. वरून कुरकुरीत लागलं.

माय मागून आली. तिनं ओळीच्या तळातली मूठभर काडी उपसली, पिळली, मग कांड्याच्या गाठीवर नख रोवलं. नखाला ओल लागली.

"बापू, खाली दव हाये अजून. आजचा दिवस राहू दे."

"मशीनवाला थांबत नाही, माय. त्याले पुढच्या गावाले जायचं हाये."

माय काही बोलली नाही. दुपारपर्यंत दीडशे गठ्ठे झाले आणि संध्याकाळी गोठ्याशेजारच्या छपरात छताला भिडले.

पाचव्या दिवशी छपरातून गूळ कढत असल्यासारखा वास येऊ लागला. लेकरांना तो आवडला. मायनं मात्र कोपऱ्यातली लोखंडी सळई घेतली, गठ्ठ्यांच्या फटीतून हातभर आत खुपसली आणि थोड्या वेळानं ओढली. तिनं टोकाला हात लावला आणि झटकन काढला.

"बैल सोड आधी," ती म्हणाली.

बैल सुटले. शेजारी आले, पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या आणि रात्रभर एकेक गठ्ठा बाहेर निघाला. कापलेलं ओलं गवत लगेच मरत नाही. ते श्वास घेतं आणि तापतं. त्यात बुरशी वाढते, ती आणखी ऊब सोडते. गठ्ठा आवळलेला असला की ती ऊब बाहेर पडत नाही, आणि फार वाढली तर गंजी आपल्याआपण पेटते. त्या रात्री पेटली नाही. पण मधले साठ गठ्ठे तपकिरी झाले होते. सोडले की पांढरी धूळ उडे. बैलांपुढे टाकले तर त्यांनी नुसतं हुंगलं आणि माना वळवल्या.

शेतकरी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभा राहिला.

जे विकायचं असतं त्याची ओल मोजायला समोर कोणीतरी बसलेलं असतं. म्हणून आपण चार-चार दिवस दाणे उलटवतो. घरच्या जनावराच्या घासाला तसा मोजणारा नसतो. बैल भाव पाडत नाही, पोतं परत करत नाही. तो मान वळवतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

पुढल्या वर्षी त्यानं छोटा वजनकाटा आणला. ओळीच्या तळातलं १०० ग्रॅम गवत बारीक कापून मंद आचेच्या तव्यावर हलवत वाळवलं. वजन उतरायचं थांबलं तेव्हा काटा ७४वर होता, म्हणजे ओल २६ टक्के. त्यानं मशीनवाल्याला परत पाठवलं. दोन दिवस गवत उलटवून पुन्हा १०० ग्रॅम तसंच वाळवून तोललं, तेव्हा ८५ उरलं. मग गठ्ठे बांधले.

मशीनची दुसरी पाळी मिळायला आणखी एक दिवस गेला होता. पाचव्या दिवशी मायनं सळई खुपसली. ती गार निघाली.